ब्रेकवरचा पाय

जीपचा ब्रेक दाबला की पाय थेट तळाला जात होता, आणि अकरा वाजता शहाद्यात नवलच्या लेकीचा, रुपाचा साखरपुडा होता. मागच्या चाकाजवळचा गळका भाग नवलने कालच घरी बदलला, पण पाइपात हवा राहिली. मेकॅनिकचा फोन बंद. मुलाकडचे वेळेचे पक्के. कोरीट गावातली सगळी भावकी याच जीपमधून जायची होती. त्यात नवरामुलगा नवनीत पतपेढीत नोकरीला. ‘त्याना हातमा पाना कधी उना नसी,’ ही नवलची कुरकूर महिनाभर चालूच होती.

हवा काढायला नवल चाकाखाली शिरला. त्याची बायको सिंधुबाई नवी साडी सावरत ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

“मी सांगसू तधळ दाबजो. स्क्रू कसस तवपावत पाय उखलू नको, नहीतं हवा परत मझार घुसी!”

“मी काय धाकली पोर शे? सांगा तं खरं!”

तिने ब्रेक दाबला. नवलने स्क्रू खोलला; त्याला लावलेल्या नळीतून बाटलीत तेल आले, पाठोपाठ बुडबुडे. “निंघनी! हवा निंघनी!” नवल ओरडला.

तेवढ्यात फाटकातून करणसिंग काका आले. चुलतसासरे दारात आणि सून वर बसलेली? सिंधुबाईचा हात पदराकडे गेला, पाय जमिनीकडे. ती उतरून वाकलीसुद्धा.

“पाय काबर उखला?” खालून आवाज आला.

“काकाजी उनात ना!”

दुसऱ्या वेळी नवलच्या आत्या, तुळशीबाई फुई आल्या. तिसऱ्या वेळी नवलचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे जेठ रूपचंद, पेढे घेऊन. दर वेळी हवा परत आत. दर वेळी वरच्या डबीत ओतून डब्यातले ब्रेकचे तेल बोटभर उरले. साडेनऊ वाजून गेले.

“आते कोनी उनं तं मनमाच पाया पड!”

“पोरीना साखरपुडाना दिन? मानसं काय म्हंतीन?”

ओट्यावरून सासूबाईंची काठी आपटली. ब्याऐंशीच्या फुलीबाई उठल्या. “उतर तू. मी बससू. मन्हाथीन मोठं गावमा कोन उरेल शे?”

सगळे हसले. पण एके काळी याच पायांनी त्यांनी कापसाच्या गाड्या तुडवून भरल्या होत्या. चौघांनी त्यांना उचलून बसवले.

“दाब, माय!”

“दाबेल शे! खोल!”

येणारा प्रत्येक जण जीपमध्ये डोके घालून ब्रेकवरच्या पायाला हात लावू लागला. पाय तसूभर हलला नाही. “सुखी ऱ्हाय रे! नवल, खोल!”

दहा वाजता ब्रेक दगडासारखा घट्ट झाला.

शहाद्यात मांडवात नवनीत फुलीबाईंच्या पायाशी वाकला. सवयीने त्यांनी पाय रोवला आणि गरजल्या, “दाबेल शे! खोल!”

सिंधुबाईने डोळे मिटून घेतले.

नवनीत वाकलेलाच म्हणाला, “आजी, पहिले वरली डबीमा तेल देखा. कमी व्हयनं का हवा परत घुसस.”

नवलचा चेहरा उतरला. घाईत शेवटी बॉनेटखालच्या त्या डबीत तेल घालायचे राहूनच गेले होते, आणि शहाद्यात शिरताना ब्रेक पुन्हा मऊ लागला होता.

साखरपुडा अर्धा तास उशिरा सुरू झाला. तोवर नवरामुलगा बाह्या सरसावून चाकाखाली होता, होणारे सासरे नवल बाटली धरून बाजूला, आणि ड्रायव्हरच्या जागेवर फुलीबाई. मुलाकडचे वडीलधारे पाया पडायला रांगेत उभे होते.