नमुना अपुरा

माजलगाव धरणाच्या कडेचे आमचे गाव व्यसनमुक्त आहे. वेशीवर तसा फलक आहे, आणि ज्याअर्थी फलक आहे त्याअर्थी गावात कोणी पीत नाही.

अशा गावात पुण्याला शिकून आलेल्या सत्यमने उसाच्या बांधाला शेड टाकून बियर बनवण्याचा छोटा कारखाना काढला. बियर साधी नव्हे. हॉप्स नावाची परदेशी कडू फुले घातलेली, आयपीए म्हणतात ती. तीन प्रकार होते : नुसती, मोसंबीची आणि सीताफळाची. विकायच्या परवान्याला ग्रामसभेची ना-हरकत लागत होती. ती पोळ्याच्या आत आली नाही, तर टाकीतला माल नाल्यात ओतावा, असे वरच्या कचेरीने कळवले होते.

"चव बघितल्याबिगर हरकत हाय का न्हाई, कसं सांगावं?" सरपंच भगवानराव सभेत म्हणाले. "पिणाऱ्यांची समिती नेमू. कोण कोण पितं?"

सभा जमिनीकडे बघू लागली.

"आमच्या घरात एक हाय," त्यांच्या पत्नी वत्सलाबाई बायकांतून म्हणाल्या.

हे वाक्य कामकाजात घेण्यात आले नाही. पिणारे उपलब्ध नसल्याने न पिणाऱ्यांची समिती नेमण्यात आली. न पिणारा निःपक्षपाती असतो, असे कारण देण्यात आले. अध्यक्ष भगवानराव, सदस्य भजनी मंडळाचे त्रिंबकनाना.

दोघांनी शेडमध्ये येताच गळ्यातल्या माळा काढून खिळ्याला अडकवल्या.

"काम समितीचं हाय," नाना म्हणाले. "माळेला त्यात कशाला गुंतवायचं?"

सत्यमने छोटे छोटे ग्लास मांडले.

"पोराला काढा पाजायलास का बे? मोठे आण," भगवानराव म्हणाले.

मोठे आले. नानांनी आधी साधी 'नुसती' चाखली. "लई कडू हाय. पाडव्याचा लिंब बरा."

"नाना, ही कडूच असते. मोसंबीचीत मागून मोसंबीचा वास येतो."

"मागून म्हंजी कवा?"

"जरा थांबल्यावर."

समिती थांबली. थांबताना घसा कोरडा पडू नये म्हणून पीत राहिली. मोसंबीची संपेपर्यंत नुसतीची चव विसरली होती, आणि चव विसरून केलेली तुलना बेकायदेशीर ठरली असती. म्हणून नुसती पुन्हा घेतली. सीताफळाचीला आधीच्या दोन्ही पुन्हा घ्याव्या लागल्या. तोंड कोरे करायला ठेचा मागवला. ठेच्याने जीभ बधिर झाली, म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. संध्याकाळी समितीचे एकमत झाले की नमुना अपुरा आहे.

पुढचे नमुने दुधाच्या किटल्यांतून घरपोच जाऊ लागले. गावाला वाटले, भगवानरावांची म्हैस व्याली.

पोळा जवळ आला तसा सत्यम वत्सलाबाईंकडे गेला. "काकू, काकांना आठवण करा की. माल ओतावा लागंल."

"करते बाबा. अभ्यासातून भायेर तर येऊ दे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याने भगवानरावांनाच गाठले.

"ना-हरकत कशी देणार?" भगवानराव शांतपणे म्हणाले. "दिली की तू दुकान मांडणार. मांडलं तर घ्यायला कोण जाईल? गाव व्यसनमुक्त हाय."

"मग ओतून देऊ?"

"ओततो कावून? अभ्यास संपंस्तोवर मालाला हात लावता येत न्हाई. कचेरीला तसं कळवलंय. त्यांनीबी नमुना मागितलाय."

तेव्हापासून सत्यमला माल विकता येत नाही, ओतता येत नाही आणि बनवणे थांबवता येत नाही. जिल्ह्यातल्या बाकीच्या व्यसनमुक्त गावांनीही अभ्यास समित्या नेमल्या आहेत. त्याने आता दुसरी टाकी बसवली आहे.

इथवर वाचून त्या पोराचे पुढे काय होणार, ही काळजी तुम्हाला लागली असेल तर ठीक. पण तिन्हींतली चांगली कोणती, एवढेच विचारायचे असेल, तर आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. तुम्ही पीत नाही, हे माहीतच आहे.