दाजी परबांचं गाऱ्हाणं

कुणी भेटलं की लोक तब्येत विचारतात, पावसापाण्याचं बोलतात. आमच्या लालबागच्या चाळीतले दाजी परब मात्र पंधरा-सोळा वर्षांचं पोर दिसलं की त्याच्या आईबापाला एकच विचारत, "ह्येका खंय लावलास?" म्हणजे, या पोराला कुठल्या जाणत्याच्या हाताखाली बसवलंत? शाळेत जातो, हे उत्तर त्यांना चालत नसे. "शाळा सगळ्यांचीच. ह्येचो स्वतःचो माणूस कोण?" असं म्हणून ते डाफरत.

दाजी गिरणीत विणकर. पाळी सुटली की अशी माणसं हुडकत हिंडायचे. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. सभेला आम्ही भाषणं ऐकायला जायचो, दाजी व्यासपीठाकडे पाठ करून उभे. गर्दीतल्या एकेकाला गाठून विचारत, "तू काय काम करतंस?" अशा सभांमधून त्यांनी एक तबलजी, छापखान्यात खिळे जुळवणारे दोन कंपोझिटर आणि रे रोडच्या वखारीतला एक सुतार मिळवला होता.

माणूस सापडला की गाऱ्हाणं. कोकणात देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक मागणीला भोवतालची मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणतात. दाजी ते शिकवणाऱ्याच्या दारात घालत. माझ्याही दारात घातलं. मी कचेरीत कारकून, इंग्रजी बरं, एवढाच माझा गुन्हा. एका रविवारी अर्धी दाढी झालेली असताना दार उघडतो, तर बाहेर दाजी, तीन पोरं आणि मागे अख्खा मजला.

"बा देवा म्हाराजा, ही पोरां आज मास्तराच्या दारात इली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंका इंग्रजी येऊ दे, मास्तराक कंटाळो येऊ नये..."

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा.

देवाच्या साक्षीने पुढे आलेला नारळ परत कोण करणार? मी त्या पोरांना दोन वर्षं शिकवलं. तोवर मला दाजी म्हणजे रिकामटेकडा माणूस वाटायचा.

मग कुसुमचं प्रकरण आलं. भायखळ्याचे भिकाजी जाधव दाजींच्याच गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात. त्यांची कुसुम मॅट्रिक झालेली. तिचा हात असा स्थिर, की पाटीवर नुसत्या हाताने काढलेला गोल मी वाटी ठेवून तपासला होता. नकाशे गिरवणाऱ्या ट्रेसरच्या परीक्षेला तिला बसायचं होतं. परीक्षा तीन महिन्यांवर. यंदा नाही जमलं तर गिरणीत लागायचं, असं घरी ठरलेलं. आणि शिकवू शकेल असा ओळखीतला माणूस एकच, प्रभादेवीचे पाटणकर ड्राफ्ट्समन. त्यांनी दोनदा "मुलींना मी शिकवत नाही" म्हणून दार लावून घेतलं होतं.

एका रविवारी आम्ही वीसेक जण त्यांच्या दारात उभे राहिलो. पाटणकर कपाळाला आठ्या घालून बाहेर आले. दाजींनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा..."

"दाजी, थांबा," भिकाजी हळूच म्हणाले. "आम्ही आता बुद्धाचे. देवाकडे मागणं नको. माझ्या पोरीसाठी तर नकोच."

दाजींनी जीभ चावली. गाऱ्हाणं आहे आणि ऐकायला देव नाही, असा घोटाळा त्यांच्या आयुष्यात कधी झाला नव्हता. पाटणकरांचा हात कडीकडे गेला. कुसुमने मान खाली घातली.

"चुकलंय, भिकाजी," म्हणत दाजींनी नारळ पिशवीत ठेवला. मग डोळे उघडून थेट पाटणकरांकडे बघितलं.

"पाटणकरानू, देवाक नाय, तुमकाच सांगतंय. रेघ ओढताना ह्या पोरीचो हात कापणा नाय. तिका तुमच्या टेबलाशी रविवारचो एक तास होयो. ही पोरगी ट्रेसर झाली पाहिजे!"

"व्हय" म्हणावं, तर पुढे म्हाराजा कुठला? तेवढ्यात मागून कुणीतरी रोजच्या मोर्चाच्या सवयीने गरजला, "झालीच पाहिजे!"

मग काय, माझ्यासकट वीसही जण, "झालीच पाहिजे! झालीच पाहिजे!" समोरच्या गॅलऱ्या भरल्या. चळवळीचा मोर्चा आला असं वाटून तिथले लोकही ओरडू लागले. पाटणकर स्वतः मोर्चात जाणारे. या घोषणेला नाही कसं म्हणणार?

"बरं, बरं. आत ये, मुली. हात धुऊन घे, कागद मळता कामा नये."

कुसुम परीक्षा पास झाली, नोकरीलाही लागली, हे सांगूनच टाकतो. पण माझ्या मनात राहिलाय तो त्या पहिल्या रविवारचा तास. बाकीचे पांगले. तिला घरी सोडायचं म्हणून दाजी जिन्याच्या पायरीवर बसले, शेजारी मी. सहज विचारलं, "दाजी, तुम्ही कुणाकडे शिकलात?"

त्यांनी पिशवीतला नारळ काढून मांडीवर घेतला.

"गिरगावात एक बाजाची पेटी शिकवणारे होते," मग म्हणाले. "मी सोळा वर्सांचो. तीन रविवार तेंच्या खिडकीखाली उभो रवलंय. दार उघडाच होता. कोण नको म्हणाला नाय. माझोच पाय वर चढलो नाय. कोणीतरी हात धरून नेयत, असा वाटायचा."

"मग?"

"मग गिरणी."

मला त्या माणसापुढे एकदम लहान वाटलं. आत पाटणकरांचा आवाज आला, "रेघ ओढताना श्वास रोखायचा. संपेपर्यंत सोडायचा नाही."

पायरीवर दाजींनी श्वास रोखला. आतून "हं, जमली" ऐकू येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.