उणे यार्डांची कारकीर्द

जयवंत चुरी पिशवी वापरत नाहीत. बोईसरच्या बाजारात ते कलिंगड विकत घेतात, उजव्या कुशीत दाबतात आणि मान खाली घालून गर्दीत शिरतात. फळवाली पिशवी पुढे करते तेव्हा ते थांबून तिला पद्धत समजावतात.

"बोटं, तळवा, हात, दंड, बरगडी. बॉल पाच ठिकाणी टेकला का कोणाचा बाप काढू शकत नाय."

"बॉल नाय तो दादा, कलिंगड हाय," फळवाली म्हणते.

"तेच ते."

आमच्या मजल्यावरच्या एका बाळाला त्यांनी याच पद्धतीने लस टोचायला नेलं होतं. बाळ वाटेत झोपलं. आईला मात्र खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. इमारतीच्या गणपतीची मूर्ती त्यांनी उचलायची नाही, असं सोसायटीच्या सभेत एकमताने ठरलेलं आहे. त्या ठरावाच्या बाजूने त्यांनी स्वतःही हात वर केला. "सोंड मधे येते. ग्रिप बसत नाय," हे त्यांनी दिलेलं कारण.

चुरी कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. वय चाळिशीच्या पुढे, लग्न झालेलं नाही, बांधा आडवा. पण व्यवसाय विचारला तर ते स्टोअरचं नाव घेत नाहीत. "प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉल. रनिंग बॅक," असं सांगतात आणि समोरच्याला सावरायला वेळ देतात.

यात खोटं काही नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे या खेळाची एक लीग निघाली होती. तो चेंडू आयुष्यात कधीच न पाहिलेले कबड्डीपटू, पैलवान आणि गोळाफेक करणारे गोळा करून त्यांना हेल्मेटं घातली गेली. सगळे सामने एकाच मैदानावर झाले. प्रेक्षक नव्हते, त्यांचा आवाज टीव्हीसाठी नंतर जोडायचं ठरलं होतं. रनिंग बॅकचं काम सांगायला सोपं आहे. कोणीतरी तुमच्या पोटात चेंडू खुपसतं, समोरची अकरा माणसं तुम्हाला पाडायला धावतात आणि पडेपर्यंत तुम्ही पुढे पळायचं. पाम या आपल्या गावच्या कबड्डी मंडळाचा चढाईपटू म्हणून चुरींचं तेव्हा तालुक्यात नाव होतं. निवड करणाऱ्यांना त्यांचे पाय आवडले.

अडचण एकच झाली. लीगचा निरोप आला तेव्हा तालुक्याची अंतिम लढत चार दिवसांवर होती. चुरी निघून गेले. पाम हरलं. मंडळाचा कर्णधार कमळाकर राऊत हा त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांच्या वाड्यांना मधे एकच कुंपण. त्या दिवसापासून कमळाकर त्यांच्याशी बोलला नाही. लीग संपल्यावर चुरी परत आले, महिनाभर पामला राहिले आणि मग बोईसरला भाड्याने खोली घेऊन आमच्या शेजारी आले. पामला असताना मंडळाच्या मैदानावर त्यांना कोणी येऊ नको म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही.

त्यांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी आहे, आणि ती आमच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे. पामच्या मातीवर पुन्हा एकदा चढाई करायची. पण आपणहून जायचं नाही. बोलावणं कमळाकरकडून यायला हवं.

तोवर ते जिथे जागा मिळेल तिथे खेळतात. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकाबाहेर शेअर रिक्षांसाठी जी झुंबड उडते, तिच्यात ते सहकारी पांडे यांना पुढे घालतात.

"पांडेजी, आप लेफ्टवाले को दबाओ. गॅप खुलेगा, मैं पीछे से निकलता है."

"भाईसाहब, रिक्शा ही तो पकड़ना है."

"वही तो."

पांडे लेफ्टवाल्याला दाबतात. चुरी गॅपमधून निघतात आणि रिक्षात बसतात. पांडे बाहेर राहतात. हा प्रकार बरीच वर्षं चालू आहे. पांडे यांना विचारलं तर ते म्हणतात, आदमी अच्छा है, बस रिक्शा में अकेला जाता है.

त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी धाव त्यांनी मला जिन्यात उभं राहून सांगितली, हातात दुधाची पिशवी होती. कुशीत होती, असं म्हणणं अधिक अचूक.

तिसरा सामना. चेंडू मिळाला, गॅप दिसली, चुरी घुसले. पहिला खांद्यावरून घसरला, दुसऱ्याचा हात निसटला, तिसरा अंगाला घासून आपल्याच माणसाला धडकला. पुढे मैदान मोकळं. जिथे गुण मिळतात त्या शेवटच्या रेषेपर्यंत एकही माणूस नाही. संघाचे परदेशी कोच बाजूने ओरडत पळत होते.

"आणि मग?"

"मग काय. तिघांना टच झाला होता. मी वळलो."

"वळलो म्हणजे?"

"परत आलो. टच करून माणूस तिथंच थांबला तर बाद होतो. पंधरा वर्षं तेच केलं, पाय आपोआप वळले."

ते ज्या जागेवरून निघाले होते तिच्याही मागे आले आणि तिथे विजयाने दोन्ही हात वर केले. चेंडू पडला. समोरच्या संघातले बहुतेक जण नुसते बघत राहिले होते. फक्त हरियाणाच्या दोघांनी जिवाच्या आकांताने त्यांचा पाठलाग करून घोटा धरायचा प्रयत्न केला. तेही कबड्डीतलेच होते. हा माणूस आपल्या हद्दीत पोचला तर गुण जाणार, हे त्यांना लगेच कळलं. सामना संपल्यावर त्या दोघांनी येऊन चुरींची पाठ थोपटली. कोचने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर ठेवली आणि ते तिच्याकडे बघत उभे राहिले.

त्या खेळात धावणाऱ्याने किती यार्ड मिळवले याची बेरीज ठेवतात. मागे पळालं तर वजा होतात. पुढच्या हंगामाआधी लीग बंद पडली, त्यामुळे भरून काढायची संधी मिळाली नाही. चुरींच्या कारकिर्दीची एकूण बेरीज शून्याच्या खाली आहे. ते लपवत नाहीत. "रेकॉर्ड हाय ते. कोणी मोडून दाखवावं," म्हणतात.

यंदा पामच्या मंडळाला पंचवीस वर्षं झाली. जुन्या खेळाडूंचा सामना होणार, ही बातमी बोईसरला येऊन पोचली तशी चुरींनी पोळी बंद केली. भाकरीही निम्मी. पहाटे गच्चीवर पावलांचा आवाज येऊ लागला. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली तेव्हा त्यांनी अनवाणी पळायला सुरुवात केली, त्याचा आवाज जास्त आला. बाजारातून नवी हाफपँट आणली. कोणी विचारलं नसताना ते जिन्यात सांगत, "बोलावलं तर बगू. माझं काय, मला वेळ नसतो."

एका रविवारी सकाळी कमळाकर राऊत स्वतः आला. उंच, वाकलेला, हातात चिकूंची पिशवी आणि निमंत्रणपत्रिका. चुरींनी मला घरात ओढून घेतलं, साक्षीदार लागतो म्हणून. चहा झाला. बराच वेळ दोघे चिकूंबद्दल बोलले.

मग कमळाकरने पत्रिका टेबलावर ठेवली. "आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून तुमचा सत्कार ठेवलाय. मंडळाची इच्छा हाय."

"आणि म्याच?"

"म्याच जुन्या पोरांची हाय. तुमी स्टेजवर बसा. पाव्हणे तुमी."

चुरी हो म्हणाले. कमळाकर गेल्यावर त्यांनी पत्रिका उघडली, आपलं नाव वाचलं, त्याच्याआधी लावलेलं 'श्री.' वाचलं आणि पत्रिका मिटली. इतकी वर्षं त्यांना कोणीतरी खेळाडू म्हणावं असं वाटत होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि ते सरावामुळे नव्हतं.

सामन्याला मी गेलो. मैदानाची माती चाळून, पाणी मारून दाबलेली होती. मंडपात माईकवाला तयार होता. "अमेरिकेत खेळून आलेले आपले जयवंतशेठ," त्याने सुरुवात केली.

"अमेरिकेत नाय," चुरी म्हणाले.

"अमेरिकेहूनही पुढे जाऊन आलेले," माईकवाल्याने दुरुस्ती केली.

शाल पडली, नारळ मिळाला. देणगीदार आणि एका माजी सरपंचांच्या मधे चुरी शाल घेऊन बसले. खाली चाळिशी-पन्नाशीचे पोटवाले गडी दोन बाजूंना उभे राहिले. बायका कुंपणाजवळून हसत होत्या. "अगो तो बग, धावतो का लोळतो," एक म्हातारी म्हणाली. ती तिच्याच नवऱ्याबद्दल बोलत होती.

कमळाकर निळ्या बाजूचा कर्णधार होता. मध्यंतरानंतर लाल बाजूच्या एका गड्याच्या पोटरीत गोळा आला आणि त्याला दोघांनी उचलून बाहेर नेलं. लाल बाजूला सहाच उरले. राखीव कोणी नव्हता. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं. चुरी खुर्चीतून अर्धे उठले, मग बसले. शाल सारखी केली. माजी सरपंच त्यांना विचारत होते की तिकडे जेवण कसं मिळतं.

कमळाकर मध्यरेषेवर कमरेला हात लावून उभा होता. त्याने आधी जमिनीकडे पाहिलं, मग मंडपाकडे.

"जयवंत्या," तो म्हणाला, "तुला काय आता परत पत्रिका पाठवू? उतर खाली."

चुरींनी नारळ देणगीदाराच्या मांडीवर ठेवला. शाल खुर्चीवर राहिली. मंडपाच्या मागे जाऊन ते पँट काढून आले. आत नवी हाफपँट होती.

पहिलीच चढाई त्यांनी मागितली. रेषेला हात लावून कपाळाला लावला आणि दम धरून आत गेले. डावीकडे गेले, उजवीकडे गेले. एकाला स्पर्श झाला असावा, पंचांचं अजून एकमत नाही. वळले तेवढ्यात कमळाकरने खाली सूर मारून त्यांचा डावा घोटा धरला. चुरी पालथे पडले. मग निळ्या बाजूचे सगळेच, एकामागून एक, त्यांच्या अंगावर कोसळले. इतक्या माणसांची गरज नव्हती.

शिट्टी वाजली. चढाईवाला बाद. वरच्या गड्याने उठायला हात टेकला.

"थांबा रे," ढिगाच्या तळातून चुरींचा आवाज आला. "घाई काय हाय. जरा राहू द्या असंच."

कोणीतरी हसलं. कोणी उठलं नाही. पंचांनी दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली. कमळाकरचा गाल मातीला टेकला होता, डोळे मिटलेले होते आणि घोटा त्याने सोडला नव्हता.