कै. लामारा यांच्या हातची खाचापुरी

माणूस घरी जेवतो तो भूक लागली म्हणून, आणि प्रवासात जेवतो तो परत गेल्यावर सांगायला काहीतरी हवे म्हणून. पहिल्या प्रकारच्या जेवणाला मीठ पुरते. दुसऱ्याला इतिहास लागतो, परंपरा लागते, अंगणात एखादे म्हातारे माणूस लागते आणि जमल्यास थोडे दुःख लागते. जॉर्जियाच्या काखेती भागात, वेनाखी गावी, या सर्व जिनसांचा पुरवठा वर्षभर सुरळीत चालू आहे, आणि त्याचे श्रेय तेथील उत्स्फूर्त आदरातिथ्य नियामक मंडळाला दिलेच पाहिजे.

मंडळ नव्हते तेव्हाही गावात आदरातिथ्य होते, पण त्याला शिस्त नव्हती. रस्ता चुकलेला कोणीही कोणाच्याही घरात शिरे. घरात असेल ते त्याच्या पुढ्यात येई, अंगणात पुरलेल्या रांजणातून वाईन वर येई, आणि पाहुण्याचे नाव विचारायचे राहिले हे तो निघून गेल्यावर लक्षात येई. मेराबने हा गोंधळ थांबवला. मेराब राजधानीत हॉटेल व्यवस्थापन शिकून आलेला, मंडळाचा संस्थापक आणि तहहयात अध्यक्ष. आता वेनाखीत अचानक येणाऱ्या पाहुण्याने तीन आठवडे आधी कळवावे लागते. गावाच्या वळणावर त्याची गाडी बंद पडते (चालकांना याचे प्रशिक्षण दिलेले आहे), आणि तेवढ्यात मेराबचे काका शाल्वा वेलींच्या काटक्यांचा भारा खांद्यावर घेऊन योगायोगाने तिथून चाललेले असतात. हा योगायोग दुपारी होतो, कारण तेव्हा फोटो चांगले येतात.

शाल्वा गावचा तमादा होता. तमादा म्हणजे जेवणाच्या मेजाचा कर्ता. त्याने पेला उचलून दोन शब्द बोलल्याशिवाय कोणी घोट घ्यायचा नाही, आणि दोन शब्दांत आटोपणारा तमादा अजून जन्मायचा आहे. पेल्यांचा क्रम ठरलेला असतो. देव, देश, आईवडील, मग दिवंगत आणि त्यानंतर लगेच मुलेबाळे, म्हणजे मेजावर सुतकी कळा रेंगाळत नाही. दिवंगतांच्या पेल्याला पुरुष उठून उभे राहतात आणि पिण्याआधी थोडी वाईन पावाच्या तुकड्यावर सांडतात. तो मेलेल्यांचा वाटा. शिवाय एक बारीक पथ्य असते. भले चिंतायचे ते वाईनने. बिअरचा पेला नावडत्या माणसासाठी उचलायचा.

मंडळाची प्रगती दिवंगतांच्या पेल्यापाशी अडली होती. मेराब प्रत्येक जेवणानंतर पाहुण्यांच्या डोळ्यांची पाहणी करी. शाल्वा आपल्या आईबद्दल बोलला की शेकडा बावीस पाहुणे डोळे पुसत. एका ऑस्ट्रियन गृहस्थाने तर अभिप्रायात स्पष्टच लिहिले होते की वाईन उत्तम, वांग्यातले अक्रोड अप्रतिम, पण आई सगळ्यांचीच मरते. युद्धात पडलेल्या आजोबांचा पेला शेकडा तिसांवर गेला, परंतु जर्मन पाहुणे तो ऐकून जेवायचेच थांबत आणि अन्न वाया जाई. अखेर मंडळाच्या विशेष बैठकीत मेराबने ठराव मांडला की शाल्वाकाकांची पत्नी दिवंगत असावी.

या ठरावात एकच अडचण होती. शाल्वाची पत्नी लामारा त्याच बैठकीत चहा देत होती.

"काकू, फक्त जेवणापुरतं," मेराब म्हणाला. "मुलाबाळांचा पेला झाला की तू परत जिवंत."

"आणि मला बघितलं कोणी तर?"

"तू तिची थोरली बहीण."

"थोरली का म्हणून?" लामाराने विचारले. तिची हरकत एवढीच होती, आणि तिचा विचार होऊन बहीण धाकटी करण्यात आली.

लामारा इतक्या सहज का मेली, हे शाल्वाला बरेच दिवस कळले नाही. तिला खरे तर कुतूहल होते. सगळ्या काखेतीत ज्याच्या जिभेची ख्याती, ज्याने पाटबंधारे खात्यातल्या कारकुनावरही अर्धा तास गौरवाने बोलून दाखवले होते, त्या माणसाने घरात तिच्याविषयी काढलेला सर्वांत मोठा उद्गार म्हणजे "आज मीठ बरोबर आहे." मेल्यावर हा काय बोलतो ते तिला ऐकायचे होते.

आणि शाल्वा बोलला. पहिल्याच दिवशी, दोन फ्रेंच जोडप्यांसमोर, उभा राहून, पेला छातीशी धरून बोलला. लग्नाच्या दिवशी ती शेजारच्या गावाहून बर्फातून चालत आली होती, नवे बूट खराब होऊ नयेत म्हणून काखेत धरून. चर्चच्या पायरीवर बसून तिने ते घातले, तेव्हा तिच्या टाचा लाल झाल्या होत्या, आणि तो लाल रंग आपण त्यानंतर कुठल्या वाईनमध्ये पाहिलेला नाही, असे तो म्हणाला. वेली छाटताना ती गात असे. आपण दोन ओळी पलीकडे छाटत असू आणि तिचे गाणे संपू नये म्हणून मुद्दाम हळू हात चालवत असू. वडील म्हणत, पोरगा आळशी निघाला. स्वयंपाकघराच्या पडद्याआड लामारा हातात झारा घेऊन उभी होती. खाचापुरीतले, म्हणजे तिथल्या भरल्या रोटीतले, चीज त्या दिवशी करपले. (पाहुण्यांनी त्याला धुराचा खानदानी वास म्हटले आणि ती कृती मागून घेतली.) डोळे पुसणाऱ्यांचे प्रमाण शेकडा शंभर झाले होते. पडद्याआडची यात धरलेली नाही.

पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली.

"इतकी वर्षं हे कुठं दडवलं होतंस रे?"

"प्रसंग नव्हता," शाल्वा म्हणाला.

"प्रसंग यायला मी मरायला हवं होतं?"

शाल्वाने प्रामाणिकपणे विचार केला. "पेल्यांच्या क्रमात हयात बायकोला जागा उशिरा आहे. तोवर माझं भान राहत नाही."

पुढे मंडळाने या यशाला रीतसर स्वरूप दिले. लामाराचा चोविसाव्या वर्षीचा फोटो काळी फीत लावून भिंतीवर टांगला गेला. तो पुसण्याचे काम लामाराकडेच आले, कारण घरात दुसरे कोणी काच नीट पुसत नसे. मागणी वाढली तशी मेजेही वाढली. पहाटे उठून ती कणीक तिंबू लागली, आणि द्राक्षमळ्याकडे फिरकायला तिला सवड उरली नाही. मळा मजुरांकडे गेला. पडद्याआड उभे राहून ऐकणेही हळूहळू बंद झाले. आतल्या कढईचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मेराबने पडद्याच्या जागी दार बसवले होते.

म्हणून सत्तरावा वाढदिवस जवळ आला तेव्हा तिने नवऱ्याला सांगितले, "मला भेटवस्तू नको. तो पेला एकदा माझ्या तोंडावर उचल. आपल्या माणसांत. मी समोर बसलेली असताना."

"एवढंच ना?" शाल्वा म्हणाला.

पण ते एवढेच नव्हते, हे त्याला तयारी करताना कळले. भाषण तोंडपाठ होते, जिवंत बाईला बसेल असे करायचे होते. वेली छाटताना ती गाते, असे म्हणावे तर ती कित्येक वर्षांत वेलीजवळ गेली नव्हती. तिच्या टाचांबद्दल बोलावे तर त्या आता दिवसभर भट्टीसमोर उभ्या राहून सुजलेल्या असत. ज्या बाईवर तो रोज बोलत होता ती खरोखरच घरात कुठे दिसेना. शाल्वाला भीती वाटली. तशी त्याला एरवी फक्त गारपिटीची वाटे.

वाढदिवसाच्या दुपारी पाहुणे घ्यायचे नाहीत असे ठरले होते. मांडवाखाली मुलगे, सुना, मेराब आणि कानाने अधू शेजारी जुंबेर जमले. लामारा निळा पोशाख घालून मेजाच्या मध्यभागी बसली. स्वयंपाक मात्र तिनेच केला होता, कारण इतरांच्या हाताला ती चव नाही. शाल्वा उभा राहिला. त्याने तिच्याकडे पाहिले, आणि तिच्या मागे भिंतीवरच्या फोटोकडे त्याची नजर गेली ती तिथेच राहिली. बर्फ, बूट, गाणे, सगळे आले, आणि असे आले की धाकटी सून हुंदके देऊ लागली. लामारा हात मांडीवर ठेवून ऐकत होती. चेहरा असा उजळला होता की मेराबचा हात सवयीने फोनकडे गेला. भाषण संपले. शाल्वाने पेला ओठाला लावायच्या आधी सावकाश, अदबीने, वाईनची धार पावाच्या तुकड्यावर सोडली.

मेजावरचे पुरुष उठून उभे राहिले. हाताला वळणच तसे पडले होते. मुलांनी आपापल्या पावावर वाईन सांडली. जुंबेरने छातीवर क्रूस केला आणि मोठ्याने म्हणाला, "देव तिला शांती देवो. बाई लाखात एक होती."

 लामारा भिजलेल्या पावाकडे पाहत राहिली.

"चला," ती म्हणाली. "आता घरच्यांचंही उरकलं."

ती आत गेली आणि बिअरची बाटली घेऊन आली. पेला काठोकाठ भरला आणि उभी राहिली. "हा त्यांच्यासाठी, ज्यांना माझ्या हातचं जेवण मी मेल्यावर जास्त गोड लागतं," असे म्हणून तिने तो एका दमात संपवला. मग ॲप्रन शाल्वाच्या खांद्यावर ठेवून ती खाली मळ्यात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठरल्याप्रमाणे अचानक सहा डच पाहुणे आले. खाचापुरी शाल्वाने भाजली होती. (अभिप्रायात तिला 'तडजोड न करणारी' म्हटले आहे.) दिवंगतांच्या पेल्याला तो उभा राहिला, बर्फापर्यंत पोचला आणि थांबला. खालून, वेलींच्या रांगांमधून, गाणे येत होते. आवाज जुना झाला होता, मधेच खोकला येत होता, पण गाणे तेच होते.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी मेराबला हळूच जवळ बोलावले. "खाली कोणीतरी गातंय. तिला जरा गप्प करता येईल का? इथे हा बिचारा बायकोबद्दल बोलतोय."

"सांगतो," मेराब उठत म्हणाला.

"तू खाली बस," शाल्वा म्हणाला. त्याने पेला खाली ठेवला, आतून कालची उरलेली बिअर आणून ओतली, सहाही पाहुण्यांकडे पाहून हसत हसत पेला उंचावला आणि प्यायला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रांजणातून ताजी वाईन काढून, तांब्या घेऊन तो मळ्याकडे उतरला. खाली गेल्यावर तो काय बोलला हे वरपर्यंत ऐकू आले नाही. गाणे मात्र बराच वेळ थांबले आणि मग पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी मळ्यात कात्री फार हळू चालत होती, असे मजूर सांगतात.

मंडळ डगमगले नाही. बिअरचा पेला आता वेनाखीत प्राचीन आणि दुर्मीळ सन्मान म्हणून निवडक पाहुण्यांसाठी उचलला जातो, आणि त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. जुंबेर विधुर झाला आहे. त्याच्या बायकोची हरकत नाही.

आपणही अचानक यायचे ठरवले असेल तर तीन आठवडे आधी कळवावे. हल्ली पुण्या-नाशिककडचीही बरीच मंडळी येतात. दुपारच्या उन्हात, दुसऱ्या-तिसऱ्या पेल्यानंतर, आपल्यालाही घरी स्वयंपाकघरात असलेल्या माणसाची आठवण येईल आणि तिच्याबद्दल दोन चांगली वाक्ये सुचतील. ती लगेच फोन करून वाया घालवू नयेत. त्यासाठी तुमच्याकडेही ठरलेला प्रसंग असतो. सगळे नातेवाईक जमलेले असतात, फोटोला हार असतो, आणि जिच्याबद्दल बोलायचे ती मधे तोंड घालत नाही.