मालकाची सही

फॉर्म भरायच्या आधी कुणाला तरी विचारून घ्या, एवढंच रकानेरावांच्या बायकोचं म्हणणं होतं. आणि तेवढंच रकानेरावांना झोंबलं.

झोंबणारच. बावीस वर्षं ते दाखल्यांच्या ऑफिसात खिडकी क्रमांक चारमागे बसून लोकांचे फॉर्म तपासत आले होते. एक रकाना रिकामा, फॉर्म परत. सही रेघेवर चढली, फॉर्म परत. एका म्हातारबुवांना त्यांनी वयाच्या दाखल्यापायी सहा खेपा घालायला लावल्या होत्या. 'रकानेराव' हे नाव लोकांनी त्यांना दिलं होतं, आणि ते कौतुकाने दिलंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

निमित्त होतं नव्या नियमाचं. गावातल्या प्रत्येक पाळीव प्राण्याची नोंद करायची, त्याला छप्पर असलेला निवारा द्यायचा, गळ्यात नंबराचा बिल्ला अडकवायचा आणि त्याला रस्त्यावर मोकाट सोडायचं नाही. सापडला तर कोंडवाडा. दोन दिवसांत कुणी सोडवला नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला लिलाव.

रकानेरावांच्या घरी एक शेळी होती. तिचं नाव गुंडी. लहानपणी तिने रकानेरावांच्या शर्टाच्या चार गुंड्या खाल्ल्या होत्या, त्यावरून पडलेलं. रकानेरावांचं आणि तिचं कधी जमलं नाही. पण बायकोचा तिच्यावर जीव होता. आईच्या शेळीचं ते शेवटचं करडू, आणि आई गेल्यावर माहेराहून बायकोने दुसरं काहीही आणलं नव्हतं. त्यामुळे गुंडीच्या बाबतीत घरात थट्टा चालत नसे.

"अहो, या झेरॉक्समध्ये वरचं काहीतरी कापलं गेलंय," बायको फॉर्म उजेडाला धरून म्हणाली. "मूळ फॉर्म बघून या ना एकदा. नाहीतर त्या कोंडवाड्याच्या बाईंना विचारा."

"मी विचारू? फॉर्म कसा भरायचा ते? मी?"

"विचारलं तर काय बिघडतं?"

"ऑफिसात कळलं तर माझी खिडकी काढून घेतील," रकानेराव म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आता कापलेल्या भागात काय होतं, ते वाचकांना आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यांचा तरी गोंधळ नको. तिथे एक ओळ होती, 'प्राण्याची माहिती', आणि तिच्याखाली एक रकाना, 'प्रकार'. ही दोन्ही झेरॉक्सवाल्याच्या मशिनने गिळली होती. त्यामुळे रकानेरावांसमोर पहिलाच प्रश्न आला तो 'पूर्ण नाव'. जगातल्या कुठल्याही फॉर्मात पहिलं नाव अर्जदाराचं असतं, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात आपलं नाव लिहिलं.

वय सत्तेचाळीस. रंग? "ओळख पटवायला लागतो हल्ली," असं म्हणून त्यांनी 'सावळा' लिहिलं. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. शेवटची लस? गेल्या वर्षी खिळा लागला तेव्हा धनुर्वाताची घेतली होती, तिची तारीख टाकली.

"'शिंगे असल्यास लांबी'," बायकोने खांद्यावरून वाचलं. "हा तरी गुंडीचा असेल."

गुंडी भुंडी होती. रकानेरावांनी 'लागू नाही' लिहिलं. (हे उत्तर दोघांनाही चालत होतं, त्यामुळे देवानेसुद्धा त्यांना सावध करायची ही संधी घालवली.)

दिवसाचे ठिकाण व वेळ: ऑफिस, दहा ते साडेपाच. रात्रीचा निवारा: दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर पंखा. आहार: दोन वेळा, शिळे चालत नाही. स्वभाव, शांत की मारका: शांत.

"बरं, गुंडीचं काहीच कसं विचारलं नाही यांनी?"

"अगं, नोंद करणाऱ्या माणसाची आधी चौकशी करतात. शेळीला काय विचारायचंय? शेळी ती शेळी."

शेवटी राहिला रकाना 'मालकाचे नाव व सही'. इथे तर शंकेला जागाच नव्हती. ते भाड्याच्या घरात राहत होते आणि वरच्या मजल्यावर मालक राहत होते. मालक म्हणजे एकच मालक. सगळी गल्ली त्यांना मालक म्हणत असे. त्यांना कानाने कमी ऐकू यायचं आणि रोज सकाळी गुंडीच्या दुधाचा चहा लागायचा, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

"मालकाची सही हवी!" रकानेराव त्यांच्या कानात ओरडले.

"मालक मीच," असं म्हणून मालकांनी न वाचता सही केली. सही मात्र झोकदार केली.

आठवड्याभरात पितळी बिल्ला आला. नंबर एकशे चौदा. सोबत एक कार्ड होतं, त्यावर नोंदीचा सगळा तपशील छापला होता. दुसऱ्यांची कार्डं ओळ न् ओळ वाचणाऱ्या रकानेरावांनी ते न वाचताच फाइलला लावलं. बिल्ला गुंडीच्या गळ्यात बांधला आणि बायकोला म्हणाले, "बघ. कुणाला विचारलं?"

पुढे पंधरा दिवसांनी गुंडीने दोर खाल्ला आणि ती बाहेर पडली.

दोन दिवस दोघांनी तिला शोधलं. बायको गल्ल्यांमधून हाका मारत फिरली. कोंडवाड्यात बघू या म्हणाली, तर 'बिल्ला असलेलं जनावर तिथे नेतच नाहीत,' असं रकानेरावांनी ठामपणे सांगितलं. रात्री तिने ताट तसंच सरकवलं. वरून मालक तिसऱ्यांदा विचारत होते की दूध का आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेजारीण सांगत आली की कोंडवाड्याच्या कुंपणाआड भुंडी शेळी दिसली, गळ्यात बिल्ला असलेली. दोघं चपला पायात सरकवून धावत सुटले.

"बिल्ला आहे ना, मग काळजी नको," रकानेराव धापा टाकत म्हणाले. "कागद पक्का आहे आपला."

कोंडवाड्याच्या फाटकाशी एक खाटीक उभा होता आणि गुंडीकडे निवांत बघत होता. बायकोने त्याला पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुंडीने तिला ओळखून मान वर केली, तेव्हा तर तिला हुंदकाच फुटला. रकानेराव घाईने आत शिरले. शेळीसाठी नव्हे, पण बायकोला असं रडताना त्यांनी आई गेल्यानंतर प्रथमच पाहिलं होतं.

आत टेबलाशी कोंडवाड्याच्या बाई बसल्या होत्या, समोर जाडजूड रजिस्टर. चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "एकशे चौदा? बरं झालं आलात. भानगड आहे. हा बिल्ला या शेळीचा नाही."

"नाही कसा? मी स्वतः बांधलाय!"

"म्हणजे तुम्हीच काढलात तो? मूळ प्राण्याच्या गळ्यातून?"

"कुठला मूळ प्राणी?"

बाईंनी रजिस्टरावर बोट ठेवून वाचलं, "एकशे चौदा. प्रकार, इथे फॉर्मवर काही नव्हतं म्हणून आम्ही 'इतर' घातलं. रंग सावळा. वय सत्तेचाळीस. आम्हालाही जास्तच वाटलं, पण कासव असेल म्हटलं. शिंगे नाहीत. डाव्या भुवईवर व्रण. स्वभाव शांत. निवारा दोन खोल्या आणि पंखा. खरं सांगते, एवढी चांगली सोय गावातल्या दुसऱ्या कुठल्याच जनावराची नाही." मग त्यांनी मान वर केली आणि रकानेरावांच्या भुवईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

बायकोच्या लक्षात आलं. रडता रडता तिने तोंडाला पदर लावला.

"अहो बाई, ती माहिती माझी आहे!" रकानेराव म्हणाले.

"म्हणजे एकशे चौदा तुम्ही?"

"नाही! म्हणजे हो. पण मी प्राणी नाही."

"फॉर्मवर तुमचंच अक्षर ना?"

"माझंच."

"मग फॉर्मवर आहे ते रजिस्टरात आहे. आम्ही मनाचं काही लिहीत नाही."

हे वाक्य रकानेराव स्वतः दिवसातून दहा वेळा खिडकीतून बोलत असत आणि ते शंभर टक्के बरोबर आहे असं त्यांचं मत होतं.

"बाई, ते सगळं राहू द्या," बायको पुढे झाली. "अकराला लिलाव आहे. माझी शेळी द्या."

"देते ना. मालक कुठे आहेत?"

"हे काय, इथेच उभे आहेत."

"हे तर प्राणी. मी मालकांना विचारतेय."

"अहो, हेच माझे मालक!"

"तुमचे असतील. यांचे कोण?"

"यांचे कोण म्हणजे? यांना कोण मालक असणार?"

"आहेत की. सही केलीये त्यांनी." बाईंनी रजिस्टर फिरवलं. झोकदार सही होती.

"ते घराचे मालक आहेत!" रकानेराव ओरडले.

"घराचे आहेत, तुमचेही आहेत. त्यांना बोलवा. दहा पंचवीस झालेत."

रकानेराव पळाले. सत्तेचाळीस वर्षांत ते एवढे पळाले नव्हते. मालक बिनदुधाचा चहा पीत गॅलरीत बसले होते. "शेळी सापडली! तुमची सही हवी!" एवढं ऐकल्यावर ते सदऱ्याची बटणं लावत खाली उतरले. वाटेत त्यांना सगळा प्रकार ओरडून सांगावा लागला, आणि मालकांना ऐकू जाईपर्यंत तो गल्लीतल्या बाकी सगळ्यांनाही गेला.

कोंडवाड्यात पोचले तेव्हा अकराला दहा कमी होते. खाटीक आत येऊन बाकावर बसला होता.

"हा तुमचा?" बाईंनी रकानेरावांकडे बोट दाखवून मालकांना ओरडून विचारलं.

"माझ्याकडेच असतो. नऊ वर्षं झाली," मालक म्हणाले. "त्रास काही नाही याचा. नळ तेवढा उघडा ठेवतो."

"मालक, तसं नाही!" रकानेराव त्यांच्या कानाशी गेले.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "शेळीची नोंद या बाईंच्या नावाने आत्ता करून देते. अडचण एकच आहे. भाड्याच्या घरात एका पत्त्यावर एकच प्राणी ठेवता येतो. तुमच्या पत्त्यावर एक आधीच आहे. त्याची नोंद रद्द झाल्याशिवाय शेळीची करता येत नाही."

"मग करा की रद्द!" बायको म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की रकानेरावांना जरा लागलंच.

बाईंनी खणातून नवा फॉर्म काढला. नोंद रद्द करण्याचा. हा मूळ फॉर्म होता, वरची ओळ शाबूत होती, आणि ती रकानेरावांनी दोनदा वाचली. मालकांनी खुर्चीत टेकून आपल्या जागी सही केली. मग फक्त एक रकाना उरला, 'रद्द करण्याचे कारण'. खाली चार पर्याय छापलेले होते. मेला. विकला. हरवला. निरुपयोगी झाला. योग्य तिथे खूण करा.

"'चुकून नोंद झाली' असं नाही का?" रकानेरावांनी विचारलं.

"छापलंय तेवढंच आहे."

"कडेला लिहू का?"

"कडेला लिहिलेला फॉर्म तुम्ही घेता?"

रकानेरावांनी पेन खाली ठेवलं.

"मेला म्हणा," मालकांनी फॉर्मवर डोकावून सुचवलं. "सोपं पडेल."

"मेल्याचा दाखला जोडावा लागतो," बाई म्हणाल्या.

तो दाखला रकानेरावांच्याच ऑफिसात मिळायचा आणि त्याला चार दिवस लागायचे.

"मग विकला?" बायको.

"पावती?"

पावती नव्हती. मालकांनी हात झटकून सांगितलं की आपल्याला कुणी एक पैसाही दिलेला नाही.

"मग हरवला लिहा ना," बायको म्हणाली.

"इथे माझ्यासमोर उभे आहेत, आणि मी हरवला लिहू? खोटी नोंद मी करायची नाही."

खोटी नोंद करणं रकानेरावांनाही पटण्यासारखं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ अकराला दोन कमी दाखवत होतं. बाहेर गुंडी बारीक आवाजात ओरडली. खाटीक उठला आणि त्याने कमरेचा दोर सोडला. बायकोने नुसतं रकानेरावांकडे पाहिलं, आणि ते बघणं त्यांना सहन होईना. हिच्या माहेरची तेवढी एकच गोष्ट आपण घालवणार, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी पेन घेतलं. चार पर्यायांवरून एकदा नजर फिरवली. मग चौथ्या पर्यायासमोर खूण केली, चौकटीच्या बरोबर मधोमध, रेघेला कुठेही न लागता.

बाईंनी फॉर्म तपासला. एकही खोट निघाली नाही. "व्वा," त्या म्हणाल्या, "असा फॉर्म फार दिवसांनी पाहिला." त्यांनी शिक्का मारला आणि शिपायाला शेळी सोडायला सांगितलं. बायको हसत रडत फाटकाकडे धावली.

"अहो, थांबा, थांबा," बाईंनी तिला हाक मारली. "हे कारण खरं आहे म्हणून खाली एक साक्षीदार लागतो. ओळखीचा. कुणीही एक चालेल."

बायको शेळीपर्यंत न जाता तशीच परत फिरली. मालक खुर्चीतून उठले. त्यांना हे मात्र पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. दोघांनी पेनाला एकदमच हात घातला.