लटारूभाऊ रुसले-२

कॅमेरा हातात असेपर्यंत गोपाल बादशहा होता; शूटिंग संपलं की त्याचं राज्य बुडायचं. कॉम्प्युटरमध्ये त्याच्या फोल्डरांची नावं ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘खरं फायनल’ अशी असत आणि एकीच्या हळदीत हमखास दुसरीची वरात शिरे. कुरखेड्यातला त्याचा स्टुडिओ तगला तो बायकोमुळे. रंजीता एडिटिंगला बसली की आधी एकेक क्लिप नीट पाहायची आणि जे दिसलं तेच नाव तिला द्यायची: ‘नवरदेवाची जांभई’, ‘वरमाय मठ्ठा चाखते’, ‘काकू रडते, डोळे कोरडे’.

“नाव वाचलं का क्लिप पाहाचं कामच नाई!” गोपाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. बायकोचं इतकं कौतुक करणारा नवरा पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि खरं सांगायचं तर बाई होतीच तशी.

नीलाबाईंच्या लेकीच्या, दिव्यानीच्या, लग्नाचा व्हिडिओ मात्र नाजूक मामला होता. मांडवात नवरीच्या मामाला, म्हणजे नीलाबाईंच्या भावाला लटारूभाऊंना, मानाची टोपी मिळाली. टोपीसोबत द्यायचा दुपट्टा मात्र ऐन वेळी सापडेना. लटारूभाऊ रुसले आणि विदाईच्या आधीच निघून गेले. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. आता धानाच्या रोवणीची कामं सुरू व्हायच्या आधी नीलाबाईंनी सगळ्या सोयऱ्यांना व्हिडिओ पाहायला बोलावलं होतं. या निमित्तानं तरी भाऊ परत जोडला जाईल, एवढीच त्यांची आस.

“त्याचा रुसवा दिसला नाई पाह्यजे,” त्यांनी बजावलं होतं.

“नाई दिसत बाई,” रंजीता म्हणाली. आणि खरंच, चित्रात लटारूभाऊ नुसते गंभीर दिसत होते. रुसले होते ते फक्त क्लिपच्या नावात.

क्रम तपासायला गोपालनं पडद्यावर नावं दिसायची सोय चालू केली. वाचताना तो इतका रमला, इतका हसला, की ती बंद करायची विसरला. व्हिडिओ नावांसकट पेनड्राइव्हवर उतरला.

संध्याकाळी नीलाबाईंच्या अंगणात पडदा लागला. लटारूभाऊ आले, पण शेवटच्या खुर्चीवर, अर्धे पाठमोरे बसले. पडद्यावर नवरदेव आला आणि त्याच्याखाली उमटलं, ‘नवरदेवाची जांभई’. अंगण खदखदलं. गोपाल बायकोकडे वळला.

“रंजीता, नावं!”

“दिसून राह्यली मले. बंद करा लवकर!”

तो बटणाकडे झेपावला, तर लोकांनी त्याला ओढून खाली बसवलं. “सरक बे! आता तं मजा येऊन राह्यली!” कोरड्या डोळ्यांची काकू आली आणि पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच काकूंनी घाईघाईनं डोळ्यांना पदर लावला. मग आलं, ‘लटारूभाऊ रुसले-१’. पाठोपाठ, ‘लटारूभाऊ रुसले-२, पण बुंदी घेतली’.

लटारूभाऊ उठून पडद्यापर्यंत आले.

“कोनं लिवलं हे?”

रंजीताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण व्हिडिओ कुणाची वाट पाहतो थोडाच? ‘नीलाबाई दुपट्टा शोधते’, पेटीत डोकं. ‘अजून शोधते’, तांदळाच्या कोठीत डोकं. मग विदाई, ढसाढसा रडणारी नवरीची आई, आणि खाली, ‘नीलाबाई भावाची रिकामी खुर्ची पाहून रडते’.

लटारूभाऊंनी ते दोनदा वाचलं.

“मले वाटलं, तू मुद्दाम दुपट्टा नाई देल्ला,” ते कसंबसं म्हणाले. “अन् रडली ते पोरीसाठी.”

“पोरीसाठी रडाले सारं गाव होतं,” नीलाबाई म्हणाल्या. “तुह्यासाठी मीच होती न!”

भाऊ मागे गेलेच नाहीत. बहिणीजवळ सतरंजीवर बसले. गोपालचा ऊर बायकोच्या अभिमानानं भरून आला. शंभर लग्नं त्यानं टिपली होती, पण ती खुर्ची त्याला दिसली नव्हती.

“भाऊ, माफ करा,” त्यानं हात जोडले. “उद्याच नावं काढून देतो.”

“हात नको लावू त्याले!” लटारूभाऊ गरजले. “नाव होतं म्हणून तं मले समजलं.”

तेवढ्यात मागे धाडकन खुर्ची पडली. नवरदेवाचे सख्खे काका, झाडूभाऊ, पडद्याकडे बोट दाखवत उभे होते. त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं, ‘गर्दी-४’.

“मी गर्दी?” दुपट्टा खांद्यावर टाकून ते तरातरा फाटकाबाहेर पडले.

रंजीतानं जीभ चावली. नीलाबाई उठेपर्यंत लटारूभाऊ अनवाणीच रस्त्यावर धावले होते.

“झाडूभाऊ, मांगं फिरा! रुसण्यात काई दम नाई बाप्पा, मी करून पाह्यलो!”