नव्याण्णवाव्या दिवशीचे पाहुणे

भूषणने नव्याण्णव दिवस जगून काढले होते आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता. जगला होता अर्थात कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये. अमळनेरला घराच्या पुढच्या खोलीत त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं, आणि मागच्या खोलीत त्याचं जंगल. या जंगलात थंडी वाजायची, कुऱ्हाड बोथट व्हायची, हात न धुता खाल्लं तर जुलाब व्हायचे. मेलात की पुन्हा पहिला दिवस. त्याचा जळगावचा दोस्त नईम याचा खेळातला गडी तर मागच्या आठवड्यात तसाच, हात न धुता जेवून दगावला होता.

"यार, दिवसभर मरमर करायची आणि खेळातही लाकडंच फोडायची?" नईम वैतागून म्हणायचा. "मला ड्रॅगन मारायचेत. लेव्हल वाढवायच्यात."

"ड्रॅगन खरे असतात का?" भूषण विचारायचा. खरेपणाच्या बाबतीत तो जरा जास्तच कडक होता.

शेवटी दोघांत ठरलं. भूषणने शंभरावा दिवस गाठला तर पुढेही हाच खेळ. त्याआधी मेला तर त्याने मुकाट्याने ड्रॅगन मारायचे.

रविवारी सकाळी, शंभरावा दिवस उजाडायला अर्धा तास उरलेला असताना अमृतनाना दुकानात येऊन बसले. त्यांच्या फॉर्मची आज शेवटची तारीख होती. हा खेळ मध्येच थांबवता येत नसे. खऱ्या आयुष्याला कुठे थांबवायचं बटण असतं, असं आजवर भूषणच सगळ्यांना ऐकवत आला होता. त्याने स्वयंपाकघरातून आईला, झुंबरबाईंना, ओढत आणलं आणि पदरावरूनच त्यांच्या कानांना माइकवाला हेडफोन लावला.

"माय, फक्त बठ. ह्या बटनले हात लाऊ नको, दार उघडस. आनि डोकावर पोटनं चित्र लाल दिखनं म्हणजे मानूस उपाशी शे. मन्हं पोट आते भरेल शे, काही घाई नही."

तो गेला आणि पाचच मिनिटांत झोपडीपुढे चार जण कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले. हे दुसरीकडून खेळणारे लुटारू होते आणि लोकांचा साठा लुटण्यात त्यांचा हातखंडा होता.

"ए, दार उघड, नाहीतर तोडू," त्यांचा म्होरक्या गुरकावला.

झुंबरबाईंना कुऱ्हाडी दिसल्याच नाहीत. त्यांना चार लाल पोटं दिसली.

"कोठला शेतस रे पोरेहो?"

पलीकडच्या कुऱ्हाडी जरा खाली आल्या. मग म्होरक्या हळूच म्हणाला, "धुळ्याचे. मी भटू. आम्ही होस्टेलवर असतो."

"सकायपासून काही खादं का?"

"नाही मावशी. रविवारी मेस बंद असते."

झुंबरबाईंनी नेमकं तेच बटण दाबलं. चौघे आत आले खरे, पण आता लुटायचं कसं, हे त्यांना कळेना. उलट साठ्याची पेटी कशी उघडायची, वाढायचं कसं, हे त्यांनीच मावशीला शिकवलं. मावशीने आधी चौघांना हात धुवायला लावले. मग आग्रह करकरून सुकी मासळी, कंदमुळं, भाजलेली वांगी असं होतं नव्हतं ते बठ्ठं वाढलं. पेटी रिकामी झाली.

फॉर्म भरून भूषण परतला, तर झोपडीत चार लुटारू मांडी घालून बसलेले, पेटीत खडखडाट, आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचं पोट लालभडक होऊन लुकलुकत होतं. मरायला दोन मिनिटं उरली होती.

"माय, तू जेवनी नही?"

"पाव्हना जेवाना पहिले मी कशी जेवू?"

भूषणने कपाळावर हात मारला. त्याचे नव्याण्णव दिवस पाहुणचारात चालले होते.

हेडफोनमधून भटूचा आवाज आला. "मावशी, तुम्ही उपाशी आहात?" आवाज अगदी रडवेला होता. चौघे बर्फातून पळत सुटले. त्यांचा तळ ओढ्यापलीकडे होता. दहा सेकंद उरले असताना भटू धापा टाकत परतला आणि त्याने उकडलेले बटाटे पुढे टाकले. भूषण घास उचलणार, तोच आई म्हणाली, "हात धू." त्याने धुतले. घास पोटात गेला तेव्हा एक सेकंद शिल्लक होता.

शंभरावा दिवस उजाडला. भूषणने नईमला फोन लावून सगळं सांगितलं.

"जिंकलो खरा, पण खटकतंय रे," तो म्हणाला. "लुटारू कधी जेवण आणून देतात का? हे खरं वाटत नाही."

"नव्याण्णव दिवस तू खेळलास," नईम म्हणाला. "तुला कुणी आणून दिलं?"

भूषण दुकानातले झेरॉक्सचे कागद सारखे करू लागला.

"पुढचे शंभर दिवस मी आनंदाने खेळेन," नईम पुढे म्हणाला. "पण झोपडी मावशींच्या हातात. तू लाकडं फोड."

हे भूषणला थोडं लागलं, पण मनातून बरंही वाटलं. लाकडं तो चांगली फोडत असे. मागच्या खोलीत चौघे धुळेकर मावशीला धनुष्य कसं धरायचं ते शिकवत होते, आणि ती त्यांना आपापली धनुष्यं दाराबाहेर ठेवून यायला सांगत होती.